शहाण्या मुलीचं निदान



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात मुलींच्या शाळेत काढली. म्हणून निमंत्रण आलं तेव्हा मी विषय कळवून टाकला : मोठ्या वयात, बाईला, ऑटिझमचं निदान. लगोलग कार्यवाहांचा फोन. “विषय उत्तम आहे, पण ‘स्वमग्नता : समज-गैरसमज’ असं काही व्यापक केलं तर?” मी नको म्हटलं. समज-गैरसमजांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांच्या मुलग्याबद्दल बोलतात. मला बोलायचंय ते पंचेचाळिशीच्या बाईबद्दल. तिचं लग्न झालंय, ती नोकरी करते, मुलगी दहावीला आहे, घरात गौरी-गणपती साग्रसंगीत होतात, आणि पाहुणे गेले की ती न्हाणीघरात दिवा न लावता बसून राहते. घरचे म्हणतात, दमली असेल.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रज्ञही नाही. मुद्रितं तपासणं हा माझा व्यवसाय. ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेला अनुस्वार, ओळीच्या शेवटी भलतीकडे तुटलेला शब्द, हेच आयुष्यभर पाहत आले. चाळिशी उलटल्यावर माझं निदान झालं. त्यानंतर या विषयावरचं हाताला लागेल ते वाचलं. त्याचं कौतुक नको. आमच्यासारख्या माणसांना एखादा विषय लागला की तो पुरता पोखरून झाल्याशिवाय सुटत नाही.

तपासणीच्या खोलीत बाईला सर्वांत आधी जो प्रश्न येतो, तो वैद्यकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. “लग्न झालंय ना तुमचं?” मला तो एका नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी विचारला. त्यांचं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण पुढे ज्या बायका भेटल्या त्यांतल्या बहुतेकींनी आपापल्या डॉक्टरांच्या तोंडून तोच ऐकला होता. लग्न झालंय, मूल आहे, नोकरी टिकली आहे, डोळ्यांत बघून बोलताय, मग कसला ऑटिझम? मी त्यांच्या डोळ्यांत बघत नव्हते. भुवयांच्या मध्ये बघत होते. समोरच्याला हा फरक कळत नाही, हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे.

माझं आजचं म्हणणं या एका प्रसंगात आलंच. ऑटिझम तपासण्याची बहुतेक साधनं ‘हिला काय जमत नाही’ ते शोधतात. बायकांना, निदान ज्यांची बुद्धी आणि वाचा शाबूत आहे अशा बायकांना, जवळपास सगळं जमतं. ते कशाच्या मोबदल्यात जमतं, हे विचारल्याखेरीज निदान होत नाही. आणि हा प्रश्न विचारायची रीत अजून पुरती रुळलेली नाही.

असं का झालं, याचा इतिहास थोडक्यात सांगते. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. आठ मुलगे, तीन मुली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्परगरचा निबंध आला. त्यात सविस्तर वर्णन केलेली मुलं चार, आणि चारही मुलगे. ही घडण म्हणजे पुरुषी बुद्धिमत्तेचं टोक आहे, असं आस्परगरचं मत होतं. पूर्ण चित्र दिसेल अशी मुलगी आपल्याला आढळली नाही, असं तो लिहितो, आणि लगेच पुढे नोंदवतो की या मुलांच्या काही आयांमध्ये मात्र ही लक्षणं स्पष्ट दिसली. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. आया दिसल्या. त्या आया दहा वर्षांच्या असताना कशा होत्या, हे विचारणं त्याला सुचलं नाही. (नाझी राजवटीत मुलांचे बळी घेणाऱ्या संस्थेत याच आस्परगरने मुलं पाठवली होती, हे हेर्विग चेक या इतिहासकाराने २०१८ मध्ये कागदपत्रांनिशी मांडलं. त्याच्या नावाने ओळखला जाणारा आस्परगर सिंड्रोम अमेरिकन निदानपुस्तिकेतून २०१३ मध्येच गेला होता, पण त्याचं कारण वेगळं : ऑटिझमचे सगळे पोटप्रकार तेव्हा एकाच नावाखाली आणले गेले.) या दोघांच्याही कितीतरी आधी, १९२५ ते १९२७ च्या सुमारास, मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा नावाच्या डॉक्टर बाईंनी अशाच मुलांचं फार बारकाईने वर्णन केलं होतं, आणि मुलग्यांपाठोपाठ मुलींवर स्वतंत्र निबंध लिहिला होता. तो कित्येक दशकं कुणी उघडला नाही.

मग लोर्ना विंग. लंडनच्या मनोविकारतज्ज्ञ, आणि स्वतः एका ऑटिस्टिक मुलीच्या आई. १९८१ मध्ये त्यांनी मुलगे आणि मुली यांचं प्रमाण तपासलं. बौद्धिक अक्षमता तीव्र असलेल्या मुलांत ते साधारण दोनास एक होतं. बुद्धी चांगली असलेल्यांत पंधरास एक. मुलगी जितकी हुशार तितकी ती दिसेनाशी होते, असा याचा सरळ अर्थ. २०१७ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब तिनास एकच्या आसपास आला. त्यातला बारकावा बघा : आधीच निदान झालेल्यांची नुसती मोजदाद करणाऱ्या अभ्यासांत मुली कमी भरल्या, आणि वस्तीत जाऊन सरसकट सगळ्यांना तपासणाऱ्या अभ्यासांत जास्त. मुलग्यांवरून लक्षणांची यादी करायची, त्या यादीने मुलींना तपासायचं, तीत मुली भरल्या नाहीत की मुलींना हे फारसं होत नाही असं लिहायचं आणि पुढच्या अभ्यासालाही मुलगेच घ्यायचे. हे चक्र निदान चाळीस वर्षं फिरलं.

आता आपल्या घरात या.

मुलगा मोटारी एका रांगेत लावत बसला की आजकाल बालवाडीच्या बाईसुद्धा पालकांना बोलावून घेतात. मुलगी भातुकलीची भांडी आकारानुसार रांगेत लावत बसली तर तिला टापटिपीची म्हणतात. दुसऱ्या कुणी त्या रांगेतली कढई उचलली आणि ती तासभर रडली, तर म्हणतात, वस्तूंना फार जपते हो. एका जागी बसवलं की बसते, कुणी आलंगेलं तरी मागे लागत नाही, प्रश्न विचारला तर उत्तर देते, नाहीतर गप्प. मराठी मध्यमवर्गीय घरात अशा मुलीसाठी ‘शहाणी’ हा शब्द तयार असतो. माझी प्रगतिपुस्तकं आईने जपून ठेवली होती. शेऱ्याच्या रकान्यात वर्गशिक्षिका बदलल्या तरी मजकूर बदलत नाही : अभ्यासात उत्तम, स्वभाव शांत, वर्गात बोलत नाही. तिसरं वाक्य तक्रारीचं असेल असं कुणाच्याच मनात आलं नाही. बाईंनी सही केली, खाली पालकांची सही झाली.

मधल्या सुट्टीत मी एका मैत्रिणीच्या मागे मागे असायची. ती जशी चालेल तशी चाल, तिच्यासारखं अक्षर, ती हसली की हसायचं. ‘अय्या’ कुठे म्हणायचं हे मी तिच्याकडून शिकले. ‘अय्या’ आनंदाला चालतं, आश्चर्याला चालतं, भीतीला चालतं, शिवाय पुढे काही बोलावं लागत नाही. फार सोयीचं. सातवीनंतर तिची शाळा बदलली आणि मी वर्षभर आजारी पडत राहिले. पोटात दुखायचं. पोटाच्या सगळ्या तपासण्या झाल्या.

अशी नक्कल करून वेगळेपण झाकण्याला अभ्यासक मास्किंग म्हणतात. २०१८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी ते मोजण्यासाठी पंचवीस विधानांची प्रश्नावली केली. तिने ऑटिझमचं निदान होत नाही, पण ती विचारते ते महत्त्वाचं आहे : चारचौघांत वावरताना तुम्ही ठरवून, आठवून, नक्कल करून किती करता? २०१३ च्या निदानपुस्तिकेतही एक वाक्य आहे, की पुढच्या आयुष्यात शिकून घेतलेल्या युक्त्यांमुळे लक्षणं झाकली जाऊ शकतात. पुस्तिकेने मान्य केलं. तपासणाऱ्याने ते वाक्य वाचलेलं असणं, एवढंच नशिबात असावं लागतं.

हळदीकुंकवाचं उदाहरण घेते, कारण त्यात हे सगळं एकत्र सापडतं. संक्रांतीचं हळदीकुंकू ऑटिस्टिक बाईला अवघड जात असेल, असं तुम्हाला वाटेल. गर्दी, अत्तर, जरीच्या साड्यांची टोचणी, एका खोलीत सगळ्यांनी एकदम बोलणं. त्रास होतोच. पण त्या कार्यक्रमाचा विधी ही मला लाभलेली फार मोठी सोय आहे. आधी हळद, मग कुंकू, मनगटावर अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, वाण. प्रत्येक पायरीला काय करायचं ते ठरलेलं, काय बोलायचं ते ठरलेलं. नाव घ्यायला सांगितलं तर उखाणा पाठ असतो. माझ्याकडे वेगवेगळ्या लांबीचे आहेत. जाऊ-नणंदांमध्ये मी हळदीकुंकवात सर्वांत तरबेज समजली जाते. माझं अवसान गळतं ते वाण हातात पडल्यावर. डिश घेऊन बायका भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसतात आणि गप्पा सुरू होतात. या भागाचा विधी कुणी लिहून ठेवलेला नाही. कुणाचं बोलणं संपलं, आपण कधी सुरुवात करायची, “किती बारीक झालीस गं” हे कौतुक की टोमणा, मुलाच्या मार्कांची चौकशी म्हणजे चौकशी की बढाईची प्रस्तावना, हे सगळं दर क्षणाला मनात सोडवावं लागतं. बाकीच्यांना ते आपोआप येतं. मी गणित घातल्यासारखी सोडवते, आणि बऱ्याचदा बरोबरही सोडवते. म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन कपबशा विसळायला लागते. “काय कामसू आहे!” म्हणतात. दुसऱ्या दिवशी मला शब्द ऐकू येतात पण त्यांचा अर्थ लागायला वेळ लागतो, उजेड बोचतो, घरातलं कुणी साधा प्रश्न विचारला तरी रडू येतं. हा दुसरा दिवस कुठल्याही तपासणीत दिसत नाही, कारण त्या दिवशी मी कुणाला भेटत नाही.

आणि हा मोबदला नुसत्या थकव्यावर भागत नाही. लंडनमध्ये २०१६ मध्ये सारा बार्जिएला आणि सहकाऱ्यांनी उशिरा निदान झालेल्या चौदा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. शिक्षक आणि डॉक्टरांनी ‘तुला काही झालेलं नाही’ म्हणून परत पाठवणं हा त्यांतला मोठा धागा. दुसरा धागा सांगताना जड जातं. समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखता न येणं, आणि त्याच वेळी समोरचा म्हणेल ते करण्याची लागलेली सवय, यामुळे बऱ्याच जणी लैंगिक अत्याचाराला बळी पडल्या होत्या. मुलीला ‘शहाणी’ करताना आपण तिला नाही म्हणायला शिकवत नाही, हे तर आपल्याला माहीत आहेच; ज्या मुलीला धोक्याची खूणही वाचता येत नाही तिच्या बाबतीत काय होतं, याचा विचार शाळांनी करावा असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे येते. आपल्याकडे मोठ्या वयाच्या माणसाने जायचं कुठे, इथूनच सुरुवात होते. ऑटिझमची बहुतेक केंद्रं मुलांसाठी. भिंतींवर जिराफ आणि फुगे, खुर्च्या गुडघ्याएवढ्या. मोठ्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ हे निदान करू शकतात, पण प्रौढ स्त्री तपासण्याची सवय असलेले थोडे, आणि तेही मोठ्या शहरांत. इंग्लंडात याची सरकारी वाट आहे. पाठवणी झाल्यापासून तीन महिन्यांत तपासणी सुरू व्हावी असा तिथला दंडक, आणि लोक वर्षानुवर्षं रांगेत. आपल्याकडे रांगच नाही, कारण दारच नाही. पुष्कळशा बाया मुलाच्या निमित्ताने पोचतात. मुलाच्या तपासणीचा फॉर्म आई भरते. ‘मोठे आवाज सहन होत नाहीत’, ‘ठरलेल्यात बदल झाला की अस्वस्थ होतो’, ‘ठरावीकच पदार्थ खातो’. पानभर खुणा करून झाल्यावर तिच्या लक्षात येतं की हे उत्तर तिचंही आहे. आस्परगरला दिसलेल्या आया त्या याच.

आधी कागदी चाचण्या. सायमन बॅरन-कोहेन यांच्या केंब्रिजच्या गटाने २००१ मध्ये केलेली पन्नास विधानांची प्रश्नावली सर्वांत प्रसिद्ध. तुम्हाला समारंभापेक्षा ग्रंथालयात जायला आवडतं का, अशा धर्तीचं एक विधान त्यात आहे. पूर्ण सहमत, थोडी सहमत, थोडी असहमत, पूर्ण असहमत. मी पेन खाली ठेवलं. कुठलं ग्रंथालय? जिथे कपाटं उघडी असतात ते, की जिथे ग्रंथपाल चिठ्ठी घेऊन आत जातात आणि बाहेर येऊन तब्येतीची चौकशी करतात ते? समारंभ कुणाकडे? मानसशास्त्रज्ञ बाई हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही पुढचं विधान वाचा, याचं उत्तर मला मिळालं.

मग समोरासमोरची तपासणी. त्यासाठी जगभर वापरतात ती चाचणी १९८० च्या दशकात कॅथरिन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी बांधली. मोठ्यांच्या भागात शब्द नसलेल्या चित्रपुस्तकावरून गोष्ट सांगायची असते, दात कसे घासतात ते समोर काही नसताना करून दाखवायचं असतं, मैत्री, एकटेपणा, लग्न यांवर गप्पा होतात. तपासणारा पाहतो ते काय सांगता यापेक्षा कसं सांगता ते. चांगली चाचणी आहे. पण ती बसवताना समोर मुलगे जास्त होते, आणि शांत खोलीत एका सभ्य माणसाशी ठरलेल्या वेळात बोलणं हा नेमका मास्किंगला सर्वांत अनुकूल प्रसंग. हळदीकुंकवाच्या पहिल्या भागासारखाच तो.

सर्वांत कठीण भाग आईचा. ऑटिझम जन्मापासून असतो, तेव्हा लहानपणचा पुरावा हवा; म्हणून आईवडिलांना बोलावतात. ज्यांचे आईवडील गेले त्यांची इथे पंचाईत होते. माझी आई होती, पंच्याहत्तरी ओलांडलेली, कडक इस्त्रीची सुती साडी नेसून आली.

“लहानपणी कशी होती ही?”

“अगदी शहाणी. कध्धी त्रास दिला नाही.”

“मुलांमध्ये खेळायची?”

“बसायची ना त्यांच्यात. वाचत.”

“खाण्यापिण्याच्या काही सवयी?”

“छे, काही नखरे नाहीत. डब्याला रोज पोळी आणि गुळांबा. दहावीपर्यंत. दुसरं दिलं तर डबा तसाच परत, पण तक्रार नाही हो.”

“कपड्यांचं काही?”

“फ्रॉक उलटा घालायची घरात. शिवण टोचते म्हणायची. आमच्याकडे सगळेच असे. हिचे काका रोज रात्री रेल्वेचं वेळापत्रक वाचल्याशिवाय झोपत नसत, आणि प्रवासाला म्हणून कुठे जात नसत.”

मानसशास्त्रज्ञ बाई लिहीत होत्या, आणि आईला वाटत होतं की ती लेकीला वाचवते आहे. तिच्या दृष्टीने ती खोटं बोलत नव्हती. ज्या घरात चार माणसं तशीच असतात, तिथे पाचवी वेगळी कशी दिसावी? जो कुणी आईला फक्त ‘काही अडचण होती का’ एवढंच विचारेल, तो ‘नाही’ असं लिहून फाइल मिटेल. ‘डब्याला काय असायचं’ असं विचारणारी व्यक्ती भेटावी लागते. मला भेटली.

त्या फाइलीच्या आधीच्याही फायली होत्या. बहुतेकींच्या असतात. काळजीचा विकार, नैराश्य, मंत्रचळ, खाण्याचे विकार, व्यक्तिमत्त्व-विकार. यांतलं काही खरंही असतं. ऑटिझमबरोबर नैराश्य येतं, आणि त्याच्या गोळ्यांनी बरंही वाटतं. पण मुळाला हात लागत नाही. केंब्रिजच्या दवाखान्यात आस्परगर सिंड्रोमचं नव्याने निदान झालेल्या ३७४ प्रौढांना विचारलं तेव्हा ६६ टक्क्यांनी कधी ना कधी आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगितलं. सारा कॅसिडी यांचा २०१४ चा हा अभ्यास आहे. त्यांच्याच पुढच्या कामात मास्किंगचा या विचारांशी संबंध आढळला. उशिरा निदान झालं तर बिघडलं काय, असं विचारणाऱ्यांसाठी मी हे आकडे जवळ ठेवते.

चाळिशीतच इतक्या बायका का येतात, यालाही कारण आहे. रेचेल मोझली यांनी २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ऑटिस्टिक स्त्रियांना रजोनिवृत्तीबद्दल विचारलं. इतकी वर्षं सांभाळलेलं सगळं त्या काळात हातातून सुटलं, असं त्यांनी सांगितलं. झोप जाते, आवाज जास्त लागतात, आणि मुखवटा धरून ठेवायला लागणारी ताकद उरत नाही. आपल्याकडे त्याच वयात सासूसासऱ्यांची आजारपणं आणि मुलांची बारावी एकत्र येतात. मग बाई चिडचिडी झाली म्हणतात. पाळी जायची वेळ आली, होतं असं. इथे स्त्रीरोगतज्ज्ञांनी दोन प्रश्न जास्त विचारले, तर पुष्कळ वर्षं वाचतील.

दुसरी बाजूही मला मांडली पाहिजे, कारण ती खरी आहे. लाजाळू, एकलकोंडी, पुस्तकात रमणारी प्रत्येक बाई ऑटिस्टिक नसते. माणसांची भीती वाटणं वेगळं, लहानपणी घरात मार खाल्ल्यामुळे सतत कानोसा घेत राहणं वेगळं, लक्ष एका जागी न टिकण्याचा एडीएचडी वेगळा, आणि यांतलं दोन-तीन एका बाईत असणंही शक्य आहे. हे वेगळं करायला वेळ लागतो. दहा मिनिटांत ‘हो’ म्हणणारा तज्ज्ञ मला दहा मिनिटांत ‘नाही’ म्हणणाऱ्याइतकाच नकोसा वाटतो. आणि ‘अहो, थोडेथोडे ऑटिस्टिक आपण सगळेच’ असं जे प्रेमाने म्हणतात, त्यांना सांगते : दमतात सगळेच. पण गप्पांनंतरचा दुसरा दिवस तुम्ही अंधारात काढता का, तेवढं सांगा.

आणखी एक. मी माझ्यासारख्या ज्या बायकांबद्दल बोलते आहे, त्यांना वाचायला वेळ होता आणि तपासणीची फी परवडली. घरकाम करणारी, शेतावर जाणारी बाई अशी असेल तर तिच्या वाट्याला ‘वेडसर’, ‘घुमी’, ‘बाहेरचं झालंय’ हे शब्द येतात, किंवा कुठलाच शब्द येत नाही आणि काम सांगितलं तेवढं करते म्हणून ती घरोघर चालून जाते. तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही.

निदान आणि प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट ध्यानात घ्या. निदान तुमच्यासाठी असतं आणि ते गुप्त राखण्याचा हक्क तुम्हाला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे. प्रमाणपत्र शासनासाठी. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे आणि सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. ते ठरवायला ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’ ही आपल्याकडे बनलेली मोजपट्टी वापरतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. म्हणजे चाळीस गुण कुणालाही पडतातच, आणि सत्तरच्या खाली ऑटिझम नाही. नजरेला नजर देत नाही, समोरचा हसला तरी हसत नाही, एकटंच तेच ते खेळतं, ऐकलेलं पुन्हा पुन्हा म्हणतं, असे ते मुद्दे. ज्या मुलांसाठी ती केली त्यांना ती उपयोगी पडली आहे. हसायचं कधी हे तीस वर्षं घोकलेल्या बाईला ती काय मोजणार?

ही मोजपट्टी हे प्रमाणपत्र न घेण्याचं एक कारण. दुसरं बायका हळू आवाजात सांगतात. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. कायद्याची कसोटी कडक आहे, नुसत्या निदानाने काही सिद्ध होत नाही. तरी सासरच्या वकिलाच्या हातात कागद जाईल, मुलांचा ताबा जाईल, ही भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून मी कुणालाही ‘तपासून घ्याच’ असं सांगत नाही. विचारलंच तर म्हणते, आधी रिपोर्ट कुणाकुणाला दाखवायचा ते ठरवा, मग वेळ घ्या.

माझ्यापुरतं काय बदललं? नवऱ्याला मी रिपोर्ट वाचायला दिला. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, “म्हणजे लग्नात तू हसत होतीस ते...?” मी म्हटलं, ते खरं होतं, पण बँड नको होता. आता पाहुणे येणार असतील तर जाण्याची वेळही आधी विचारून घेतो तो. कार्यालयात मला दाराजवळच्या टेबलावरून कोपऱ्यात जागा मिळाली. त्यासाठी निदान सांगावं लागलं नाही, मुद्रितातल्या चुका कमी होतील म्हटल्यावर लगेच झालं. आईने मात्र हे निदान मानलं नाही. “तुला काही झालेलं नाही, तू माझ्यावर गेलीस,” असं ती शेवटपर्यंत म्हणत होती. तिचं अर्धं बरोबर होतं, असं मला वाटतं.

आता प्रश्नोत्तरं. कार्यवाहांशी आधीच ठरवलं आहे की प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्यायचे. मागच्या रांगेतून, पंख्यांच्या आवाजात विचारलेला प्रश्न मला अर्धाच कळतो. उरलेला अर्धा अंदाजाने भरून मी तडफदार उत्तर देते. ते मला चांगलं जमतं आणि आज करायचं नाहीये. चिठ्ठीवर नाव नको. ‘माझ्या एका मैत्रिणीला’ अशी सुरुवात केलीत तरी चालेल. कागद डाव्या हाताच्या टेबलावर आहेत. पेन्सिली कमी पडल्या तर माझ्या पिशवीत आहेत, टोक केलेल्या.